फौंड्रीतला आजार शोधायचा कसा? सुपरवायझर आणि नव्या सेफ्टी ऑफिसरसाठी औद्योगिक आरोग्याचे पहिले धडे

फौंड्रीत नव्याने रुजू झालेल्या सेफ्टी ऑफिसरच्या हातात पहिल्याच आठवड्यात हेल्मेट-बुटांची यादी आणि आगीच्या सिलिंडरांचं रजिस्टर येतं. ते हवंच. लोखंडाचा रस पायावर सांडला तर माणूस त्याच क्षणी होरपळतो, सगळं शॉप थांबतं, चौकशी होते. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस मात्र बहुतेक वेळा दहा-वीस वर्षं घेतो. तोवर कामगार कंपनी सोडून गावी गेलेला असतो आणि तिथला डॉक्टर टीबी किंवा दमा म्हणून औषध देत राहतो. चौकशी कुणाचीच होत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीसाठी आहे. उदाहरण म्हणून मी कोल्हापूरची फौंड्री घेतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या पट्ट्यात ओतकामाचे लहान-मोठे कारखाने दाटीने आहेत, आणि धूळ, आवाज, उष्णता, वायू, रसायनं, कंप हे सगळे धोके एकाच छपराखाली बघायला मिळतात. इथे जो शिकला त्याला पॉवरलूम, दगडखाण किंवा पेंट शॉपमध्ये काय बघायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

इंडस्ट्रियल हायजीन म्हणजे कामाच्या जागेतले आरोग्याचे धोके शोधून आवरण्याचं शास्त्र. त्याची सगळी पद्धत चार कामांत बसते: धोका कुठे असेल याचा अंदाज, प्रत्यक्ष ओळख, मोजमाप आणि नियंत्रण. क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट मास्कचं खोकं उघडतात, आणि माझा सगळा आक्षेप त्यालाच आहे. सगळा वेळ एकच गोष्ट धरून ठेवा: आपल्याला कामगाराच्या नाकासमोरच्या हवेशी आणि त्याच्या कानाजवळच्या आवाजाशी देणं-घेणं आहे. भिंतीजवळची हवा किंवा गेटबाहेरची हवा हा वेगळा विषय आहे.

पायरी १: एक पूर्ण पाळी नुसतं बघा

वही-पेन घ्या आणि वाळू जिथे उतरते तिथून सुरुवात करून तयार कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, गाडीत चढेपर्यंत मालाच्या मागे चाला. वाळू तयार करणं, मोल्डिंग (वाळूचा साचा करणं), कोअर शॉप (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करणं), भट्टी, पोअरिंग (साच्यात रस ओतणं), नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्रे मारून सफाई), फेटलिंग (कास्टिंग घासून-तासून साफ करणं), रंग. प्रत्येक ठिकाणी एवढंच लिहा: इथे किती माणसं, काय हाताळतात, पाळीतले किती तास, हवेत काय जातं.

साहेबांच्या राउंडच्या वेळी जाऊ नका. पाळी सुटायच्या आधीचा अर्धा तास अवश्य गाठा, कारण साफसफाई तेव्हा होते. कोरडा झाडू मारला जातो आणि त्याहून वाईट म्हणजे कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन एक जण दुसऱ्याच्या अंगावरची धूळ उडवतो. आधी पाठ, मग बाह्या, मग केस. दोघेही त्या ढगात तोंड उघडं ठेवून बोलत असतात. दिवसभरात खाली बसलेली सगळ्यात बारीक धूळ या दोन मिनिटांत पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. ही सवय बंद करायला पैसा लागत नाही, म्हणून पहिल्या आठवड्याचं काम म्हणून हीच धरा.

सोबत एक चांगली टॉर्च ठेवा. घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारे कण साधारण चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून लहान असतात. माणसाचा केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो. जी धूळ अंगावर, मशीनवर दिसते ती नाकात-घशातच अडकते; जी दिसत नाही ती खोल जाते. शॉपमधला उजेड कमी असेल तेव्हा ग्राइंडरच्या पलीकडून टॉर्चचा झोत तुमच्या दिशेला सोडायला सांगा, तो थेट डोळ्यांवर येणार नाही अशी आडोशाला पाटी धरा आणि झोताच्या कडेने बघा. मघाशी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत धुळीचा लोट वळत वळत कामगाराच्या चेहऱ्याकडे येताना दिसेल. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. मालकाला पटवायला पन्नास पानी अहवालापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

पायरी २: माणसांना विचारा

इटलीतल्या मोदेना इथले वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना सांगितलं, रोग्याला इतर प्रश्नांसोबत ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारत जा. तीनशे वर्षं उलटली तरी आपल्याकडच्या कित्येक ओपीडींत हा प्रश्न विचारला जात नाही. तुम्ही उलट बाजूने विचारा: काम माहीत आहे, त्रास काय होतो?

‘तुम्हाला आरोग्याच्या काही तक्रारी आहेत का?’ असं फॉर्म हातात धरून विचारलंत तर उत्तर ठरलेलं, ‘काय न्हाई सायेब, सगळं बरं हाय.’ चहाच्या वेळी बाजूला बसा. ‘मामा, घरात टीव्हीचा आवाज फार मोठा करताय म्हणून वहिनी ओरडतात का?’ असं विचारलं की दोन-तीन जण हसतात आणि खरं बाहेर येतं. जिना चढताना आधी लागत नव्हता तेवढा दम लागतो का, चिपिंग हॅमर (हवेवर चालणारा छिन्नी-हातोडा) चालवून झाल्यावर बोटांना मुंग्या येतात का, रात्री शर्टाची बटणं लावताना बोटं बधिर वाटतात का, पोअरिंगच्या दिवशी डोकं दुखतं आणि सुट्टीला दुखत नाही असं होतं का. शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. कामाच्या दिवशी वाढणारा आणि सुट्टीत कमी होणारा त्रास हा कामाशी जोडलेला असण्याची शक्यता मोठी.

अनेक शॉपमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलं कंत्राटावर असतात, आणि सगळ्यात धुळीची कामं बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. त्यांच्याशी हिंदीत बोला आणि मुकादमाला थोडं लांब ठेवा. कंत्राटी माणसाचं फुप्फुस कायम कामगाराच्या फुप्फुसापेक्षा वेगळं नसतं. यादी करताना ‘आपले’ आणि ‘कंत्राटदाराचे’ असे दोन कागद करू नका.

पायरी ३: पोती आणि पिंपं वाचा

स्टोअरमध्ये जा आणि प्रत्येक मालाचा सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस, मागा. त्यात सोळा विभाग असतात. नवख्याने आधी दुसरा वाचावा, त्यात धोके असतात. मग तिसरा, त्यात घटक असतात. आणि आठवा, त्यात हवेतली मर्यादा आणि संरक्षण असतं. पुरवठादार ‘आमचं रेझिन एकदम सेफ आहे’ म्हणाला तरी शीट मागाच.

फौंड्रीत नेमकं काय शोधायचं? मोल्डिंगची वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजेच स्फटिकरूप सिलिका. हिला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत टाकलं. रसाच्या उष्णतेने वाळूचा काही भाग क्रिस्टोबलाइटमध्ये बदलू शकतो, तोही तितकाच वाईट. प्रयोगशाळेला दोन्ही तपासायला सांगायचं. शेल कोअर म्हणजे तापवून घट्ट केलेला वाळूचा गाभा. त्याच्या रेझिनमधून, म्हणजे वाळू बांधणाऱ्या चिकट रसायनातून, गरम होताना फिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया निघतात. कोल्ड बॉक्स पद्धत (न तापवता वायूने कोअर घट्ट करणं) असेल तर आयसोसायनेट आणि अमाइन आले. आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की मग अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. अमाइनचा वास मासळीसारखा. त्याने काही तास नजर धूसर होते, दिव्याभोवती निळसर कडं दिसतं. कामगार हे कुणाला सांगत नाही, डोळे चोळत मोटारसायकलवर घरी जातो.

पायरी ४: मोजमाप. इथे घाई करू नका

बहुतेक कारखान्यांत ‘हवेची तपासणी झाली आहे’ म्हणून जी फाइल दाखवतात, ती प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी केलेली असते: चिमणीतला धूर आणि आवारातली हवा. तो अहवाल खरा असला तरी फेटलिंगच्या माणसाने काय ओढलं हे त्यातून कळत नाही. आपल्याला हवं ते वैयक्तिक नमुने घेणं.

पद्धत अशी. कामगाराच्या कमरेला लहानसा पंप, तिथून नळी, आणि कॉलरजवळ, नाकापासून तीस सेंटिमीटरच्या आत, फिल्टर. फिल्टरच्या आधी सायक्लोन लावतात. तो जाड कण खाली पाडतो आणि फुप्फुसात खोल जाणारे तेवढेच पुढे सोडतो. प्रत्येक सायक्लोनचा प्रवाह ठरलेला असतो: दहा मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर, ॲल्युमिनियमच्या एका प्रचलित सायक्लोनला २.५ लिटर. प्रवाह चुकला की कणांचा आकार चुकतो आणि सगळा नमुना वाया जातो. म्हणून पाळीच्या आधी आणि नंतर प्रवाह तपासायचा. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर नमुना बाद. एक फिल्टर हवा न ओढता तसाच सोबत नेऊन आणायचा, म्हणजे हाताळणीत शिरलेली घाण कळते. तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून घ्या आणि ती मान्यता श्वसनीय, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या, सिलिकासाठी आहे ना, ते त्यांच्या यादीत बघा.

पंप कुणाला लावायचा? सारखं काम करणाऱ्यांचे गट पाडा आणि सगळ्यात वाईट वाटणाऱ्या गटापासून सुरुवात करा. एका दिवसाच्या एका नमुन्यावर कधीच विसंबू नका. त्याच माणसाचं, त्याच कामाचं मोजमाप दोन दिवसांत कित्येक पट वेगळं येतं. युरोपच्या ईएन ६८९ या मानकात तर म्हटलंय की तीनच नमुने घेऊन ‘ठीक आहे’ म्हणायचं असेल तर तिन्ही मर्यादेच्या एक दशांशाखाली यायला हवेत. आणि मोजणीच्या दिवशी काम नेहमीसारखंच चालू दे. पाहुणे येणार म्हणून पाणी मारलेलं, निम्मी मशीनं बंद, अशा दिवशी मोजलेल्या आकड्याने फसवणूक होते ती कामगाराची.

आता हिशेब. समजा फेटलिंगच्या एका माणसावर २.५ लिटरने ४८० मिनिटं पंप चालला. हवा झाली १२०० लिटर, म्हणजे १.२ घनमीटर. फिल्टरचं वजन १.८ मिलिग्रॅमने वाढलं. भागाकार केला: १.५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर श्वसनीय धूळ. प्रयोगशाळेने सांगितलं, यात १२ टक्के क्वार्ट्झ आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत यासाठी सूत्र होतं: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). म्हणजे १० भागिले १४, साधारण ०.७१. आपला आकडा त्याच्या दुपटीहून जास्त.

पण इथे थांबू नका. १.५ चे १२ टक्के म्हणजे शुद्ध सिलिका ०.१८ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये आठ तासांसाठी ०.०५ ची मर्यादा ठरवली आणि एसीजीआयएच या तज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस ०.०२५ ची आहे. त्यांच्या तुलनेत आपला माणूस साडेतीन ते सात पट जास्त ओढतोय. आपल्या सूत्रातून निघणारी मर्यादा या दोन्हींपेक्षा सैल आहे. म्हणून ‘कायद्यात बसतं’ हे वाक्य सिलिकाच्या बाबतीत मला पुरेसं वाटत नाही. शक्य तिथे ०.०५ तरी गाठायचंच, असं उद्दिष्ट मालकासमोर ठेवा.

आवाजाचं मोजमाप सोपं आहे, म्हणून तिथूनच हात बसवा. एका हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथे ८५ डेसिबल किंवा जास्त असण्याची शक्यता आहे. नायॉश या अमेरिकी संस्थेचं आयफोनवर चालणारं मोफत ॲप अंदाज घ्यायला चांगलं आहे. अहवालासाठी मात्र कॅलिब्रेट केलेलं मीटर किंवा खांद्यावर लावायचा डोसीमीटर (पाळीभरचा आवाज मोजणारं यंत्र) लागतो. आपल्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, १०५ ला एक तास अशी परवानगी आहे. वेगवेगळ्या ठिकाणी काम असेल तर प्रत्येक ठिकाणचे तास भागिले तिथले परवानगीचे तास, आणि सगळ्यांची बेरीज. चार तास १०० डेसिबलवर चिपिंग म्हणजे ४ भागिले २, झाले २. तीन तास ९० वर तपासणी म्हणजे ३ भागिले ८, साधारण ०.३८. बेरीज २.३८. एकाच्या वर गेलं की मर्यादा ओलांडली. इथे ती दुपटीहून जास्त झाली. डेसिबल साधे बेरजेचे आकडे नाहीत हेही पक्कं करा. ९० च्या दोन मशीन शेजारी चालवल्या तर १८० होत नाहीत, ९३ होतात. उलट ३ डेसिबल कमी केले की ध्वनीची ऊर्जा निम्मी होते, म्हणून ‘तीनच तर कमी झाले’ म्हणून कुणी नाक मुरडलं तर ऐकून घेऊ नका.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. क्युपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी) असेल तर तिच्यात माल टाकायच्या माचीवर, आणि ओलसर वाळूच्या साच्यात कोळशाची पूड असेल तर पोअरिंगनंतर साच्यांच्या रांगेत तो साचतो. खिशाला अडकवायचा अलार्म असलेला डिटेक्टर घ्या. आठ तासांची सरासरी मर्यादा कारखाने अधिनियमाच्या त्याच अनुसूचीत ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, होती; एसीजीआयएचची २५ आहे.

उष्णतेसाठी साधा थर्मामीटर चालत नाही, कारण भट्टीसमोर हवेपेक्षा किरणांचा ताप जास्त असतो. डब्ल्यूबीजीटी, म्हणजे ओलावा आणि किरणांचा ताप दोन्ही धरणारा आकडा, मोजतात: छपराखाली ओल्या फडक्याच्या तापमानाचे ०.७ आणि काळ्या गोळ्याच्या तापमानाचे ०.३. नवा माणूस किंवा गावाहून महिनाभराने परतलेला माणूस उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याला भट्टीसमोर पाळीचा पाचवा हिस्सा ठेवा आणि रोज तेवढंच वाढवत न्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न बघता. एप्रिल-मे मध्ये ही गोष्ट सुपरवायझरनेच सांभाळायची असते. कामगार स्वतःहून काम सोडून पाण्याला जात नाही.

पायरी ५: उपाय उगमापासून

आता नियंत्रण. क्रम ठरलेला आहे: धोका काढून टाका, नाहीतर बदला, नाहीतर यंत्रणेने अडवा, मग कामाची पद्धत बदला, आणि शेवटी अंगावरचं साधन.

‘वाळूशिवाय ओतकाम कसं करणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पण फेटलरला सिलिका मिळते ती कास्टिंगला चिकटून राहिलेल्या वाळूतून. साच्याचं कोटिंग सुधारलं, पोअरिंगचं तापमान ताब्यात ठेवलं, की चिकटलेली वाळू कमी होते आणि ग्राइंडिंगही कमी लागतं. दुसरं म्हणजे क्रम बदला. बऱ्याच ठिकाणी रायझर (कास्टिंगला जोडलेला जादा धातूचा खुंट) तोडून माल आधी ग्राइंडिंगला जातो आणि मग शॉट ब्लास्टिंगला. आधी बंद मशीनमध्ये पोलादी शॉट मारून वाळू झाडून घ्या, मग माणसाच्या हातात द्या. यंत्रं तीच, माणसं तीच, नुसती वाट बदलली तरी धूळ खूप खाली येते. आणि ब्लास्टिंगला वाळू वापरत असाल तर ती आजच थांबवा. कास्टिंग साफ करायला वाळू मारण्यावर ब्रिटनने १९४९ मध्येच बंदी घातली.

शॉट ब्लास्टिंग मशीनच्या दाराचे रबरी पडदे झिजलेत का ते दर आठवड्याला बघा. डस्ट कलेक्टरच्या पिशव्यांवरचा दाबाचा काटा रोज लिहा. काटा अचानक पडला तर पिशवी फाटली असेल, चढत गेला तर ती चोंदली असेल.

मग हवा ओढून घेणारी यंत्रणा, ज्याला लोक नुसतं ‘सक्शन’ म्हणतात. यातली एक गोष्ट कळली की निम्मं काम झालं: हवा फुंकणं आणि ओढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेणबत्ती हातभर लांबून फुंकून विझते, पण श्वास आत ओढून ती दोन बोटांवरूनही विझत नाही. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर गेलं की हवेचा वेग तोंडाजवळच्या साधारण एक दशांश उरतो. सहा इंची पाइप ग्राइंडरपासून फूटभर लांब टांगला असेल तर तो आवाज करतोय, काम करत नाही. हूड, म्हणजे ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची टोपी, शक्य तितका जवळ आणा, तीन बाजूंनी झाका, आणि चाकातून ठिणग्या ज्या दिशेला उडतात त्या दिशेला त्याचं तोंड ठेवा.

तपासायला उदबत्ती पुरते. रंग किंवा थिनर जवळ नाही ना हे बघून उदबत्ती काम चालतं तिथे धरा. धूर सरळ हूडमध्ये गेला तर ठीक. डळमळला किंवा कामगाराकडे वळला तर नाही. आता शॉपमधला मोठा मॅन कूलर चालू करा आणि पुन्हा बघा. उकाड्यासाठी लावलेला तो पंखा बहुतेक वेळा सगळी ओढ मोडून टाकतो आणि एकाची धूळ पुढच्या तिघांच्या तोंडावर नेतो. पंखा काढून घेऊ नका, माणसं खरंच भाजत असतात. त्याची दिशा बदला: स्वच्छ हवा पाठीमागून किंवा वरून सावकाश यावी आणि धूळ माणसापासून दूर जावी.

आवाजातही आधी यंत्र. हवेच्या नळीच्या तोंडाला आवाज कमी करणारी नोझल, एक्झॉस्टला मफलर, कास्टिंग लोखंडी पेटीत पडतं तिथे आतून रबर, नॉकआउटभोवती आडोसा. साफसफाईला ओलं करून झाडणं किंवा अति बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम.

पायरी ६: मास्क आणि इअरप्लग, शेवटी पण नीट

रुमाल, गमछा, सर्जिकल मास्क हे सिलिकासाठी संरक्षण नव्हेच. आयएस ९४७३ या भारतीय मानकाखालचा किमान एफएफपी२ दर्जाचा मास्क द्या. नीट बसलेला असा मास्क धूळ साधारण दहा पट कमी करतो, त्याहून जास्त भरवसा ठेवू नका. आपल्या उदाहरणातला ०.१८ चा माणूस मास्क लावून ०.०१८ वर येईल, तेही तो पूर्ण वेळ घट्ट असेल तरच. दाढीची दोन दिवसांची खुंटं वाढली तरी कडेने गळती होते. दोन्ही पट्ट्या लावायच्या, एक डोक्यावर, एक मानेवर. दोन्ही खाली लोंबत असतील तर मास्क नाहीच. लावल्यावर दोन्ही तळव्यांनी झाकून जोरात फुंका, नाकाजवळ हवा निसटली तर क्लिप दाबा. आणि मास्कचे दोन-तीन आकार मागवा, सगळ्यांचे चेहरे सारखे नसतात.

फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवा. खोक्यावर एनआरआर (आवाज किती कमी होतो याचा आकडा) २९ लिहिलं म्हणजे २९ डेसिबल वाचले असं समजू नका. त्यातून ७ वजा करा आणि निम्मे घ्या: ११. शंभर डेसिबलमध्ये कानाशी ८९ उरले. आठ तासांत अर्धा तास जरी प्लग काढून ठेवला तरी ३० डेसिबलचं उत्तम साधनही सरासरीत १२ च्या वर फायदा देत नाही.

पायरी ७: वैद्यकीय तपासणी

कामावर घेताना छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुप्फुसाच्या ताकदीची तपासणी) आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून ठेवा, नंतर तुलना त्याच्याशीच होते. एक्स-रे आयएलओ या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण फिल्म शेजारी ठेवून वाचणारा डॉक्टर शोधा. ‘नॉर्मल’ एवढा शिक्का मारलेला कागद उपयोगाचा नाही. ऑडिओमेट्री पाळी सुटल्यावर लगेच करायची नाही. चौदा तास तरी शांततेत गेलेले हवेत, म्हणजे सकाळी कामाआधी. आवाजाने जाणारा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खचतो, बोलणं ऐकू येत असतं तेव्हाच. तो खड्डा दिसला की प्लग बदलून भागत नाही, ते मशीन बघायला जायचं.

सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून खोकला लांबलेल्या फेटलरची थुंकी तपासून घ्या आणि डॉक्टरला कामाचा इतिहास लेखी द्या: कोणतं काम, किती वर्षं, कोणती धूळ. सिलिकोसिस आणि आवाजाने आलेलं बहिरेपण हे दोन्ही ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, पण दावा टिकतो तो या कागदावर. कुणाच्या एक्स-रेत डाग दिसला तर त्याला कामावरून काढणं हा उपाय नाही. तसं एकदा झालं की पुढच्या वर्षी तपासणीला कुणी खरं सांगणार नाही. त्याला धुळीतून हलवा, पगार तोच ठेवा, आणि त्याच्या गटातल्या बाकीच्यांना आधी तपासा.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची २०२०ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. तपशिलाचे नियम तुमच्या कारखान्याला कसे लागू होतात ते राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात विचारून घ्या. ते लोक तपासणीला येतात तसं विचारल्यावर सांगतातही.

पुढे शिकायचं असेल तर ओएचटीए या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डब्ल्यू२०१ हा पाच दिवसांचा पायाभूत कोर्स आहे. त्याची विद्यार्थी-पुस्तिका फुकट उतरवून घेता येते, इंग्रजी सोपं आहे. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे याच विषयाचं प्रशिक्षण चालतं. कारखान्याच्या डॉक्टरांसाठीचा एएफआयएच कोर्सही तिथे होतो.

पायरी ८: बदल केल्यावर पुन्हा मोजा

हूड बसवला, क्रम बदलला, कॉम्प्रेसरची सवय मोडली. आता तोच गट, तेच काम, तोच सायक्लोन घेऊन पुन्हा तीन पाळ्या मोजा. आधीचे आणि नंतरचे आकडे एका कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहा, मर्यादाही बाजूला लिहा, आणि तो कागद फेटलिंगच्या दारावर लावा. स्वतःच्या कामातल्या धोक्याची माहिती मिळणं हा कामगाराचा कायद्याने हक्क आहे, आणि आकडा दिसायला लागला की पंख्याची दिशा कुणी फिरवली, हूड कुणी लांब सरकवला, हे तीच माणसं तुमच्याआधी पकडतात. आकडा खाली आला नसेल तर तेही तसंच लावा, आणि पायरी पाचपासून पुन्हा सुरू करा.